खालून की वरून?

सोमवारी सकाळी साडेदहाला बाईंना एक पत्र आलं. कॉम्प्युटरवरचं, आणि अवघं तीन ओळींचं. लिहिणारा कुठल्याशा दूरच्या प्रयोगशाळेतला, ना ओळख ना पाळख, आणि इतका सभ्य की वाचताना आपलंच काहीतरी चुकलंय असं वाटावं. आमच्या नव्या यंत्रात प्लाझ्मा सुलट फिरतो आहे, म्हणजे घड्याळाच्या काट्यांसारखा, असं त्याने लिहिलं होतं. तुमच्या एकतीस वर्षांपूर्वीच्या निबंधात तो उलट फिरतो असं म्हटलंय. तर कृपया एवढंच कळवाल का, की तुम्ही तो वरून पाहिला होता की खालून?

बाईंना आधी हसू आलं. असले प्रश्न पहिल्या वर्षाची मुलं विचारतात. त्यांनी उत्तर लिहायला घेतलं, 'अर्थातच' एवढं टाइप केलं, आणि बोट तिथेच राहिलं. अर्थातच काय? वरून? बाईंना आठवेना. चहा आला, गार झाला, त्यावर साय धरली, तरी आठवेना.

आता हा प्लाझ्मा म्हणजे काय ते सांगितल्याशिवाय गाडी पुढे जायची नाही, तेव्हा जरा कान इकडे करा. वायू घ्यायचा आणि तो इतका तापवायचा की त्याच्या अणूंची घरं मोडतात, तुकडे सुटे होतात आणि सगळं विजेने भारून झगमगायला लागतं. ट्यूबलाइटमध्ये असतं ते त्याचंच एक गरीब भावंड. बाईंच्या प्रयोगशाळेत हा प्लाझ्मा एका पोकळ पोलादी कड्यात कोंडलेला असायचा. कडं केवढं, तर ट्रॅक्टरच्या टायरएवढं, म्हणून त्याला सगळे टायरच म्हणायचे. प्लाझ्मा त्या कड्यातून गोल गोल फिरतो. वरून पाहिलं तर तो सुलट फिरायला हवा, असं पुस्तकं सांगतात. बाईंच्या टायरमध्ये तो उलट फिरला. बस, एवढंच. पण या एवढ्याशा उलटपणावर बाईंचं सगळं आयुष्य उभं होतं.

म्हणजे बघा, तो निबंध आला तेव्हा बाई होत्या सव्वीस वर्षांच्या. त्यांचे गुरू, ज्यांचे केस पस्तिशीतच पांढरे झाल्यामुळे सगळा विभाग त्यांना आजोबा म्हणायचा, ते म्हणाले होते की पोरी, हे छापलं की तुला कुणी विसरणार नाही. झालंही तसंच. उलट फिरतो म्हटल्यावर जगभरचे आकडेमोड करणारे विद्वान कामाला लागले. एखादी गोष्ट का होते हे समजावून सांगायला माणसं एका पायावर तयार असतात. ती खरंच होते का हे बघायला मात्र वाकावं लागतं, आणि वाकायची कुणाला हौस नसते. तर कुणी कड्याच्या भिंतीला जबाबदार धरलं, कुणी चुंबकांना, कुणी आणखी कशाला. बाईंना नोकरी मिळाली, परिषदांची आमंत्रणं मिळाली, पाठ्यपुस्तकात अर्धं पान मिळालं. परिषदांमध्ये लोक त्यांची ओळखच अशी करून द्यायचे, की याच त्या उलटवाल्या मॅडम.

फक्त प्रोफेसरपद तेवढं मिळालं नाही. दोनदा मुलाखत झाली. पहिल्यांदा म्हणाले अनुभव कमी पडतो, दुसऱ्यांदा म्हणाले वय जास्त होतं. मधला जो एक दिवस बरोबर होता, तो बहुतेक रविवार असावा. आता तिसरी मुलाखत येत्या शुक्रवारी अकरा वाजता होती. निवृत्तीला तीन वर्षं राहिलेली, म्हणजे ही शेवटचीच. आणि अर्जात 'आपले सर्वांत महत्त्वाचे संशोधन' असा जो चौकोन होता, त्यात बाईंनी एकच ओळ लिहिली होती. ती ओळ खोटी निघाली तर त्या चौकोनात लिहायला बाईंकडे दुसरं काहीही नव्हतं. हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

दुपारी त्यांनी पोलादी कपाट उघडून जुनी वही काढली. वहीला अजून मशीनच्या तेलाचा वास होता. ते पान लगेच सापडलं, कारण गेली एकतीस वर्षं प्रत्येक विद्यार्थ्याने तेच उघडलेलं. अक्षर त्यांचंच. 'डोळा १ आधी, डोळा २ नंतर. दिशा: उलट.' पुढे काही नाही. कुठून पाहता उलट, ते नाही.

डोळे म्हणजे प्रकाश टिपणारे दोन छोटे नळे. टायरच्या वरची खिडकी त्या वर्षी तडकली होती, म्हणून ते डोळे खालच्या झाकणात, वीतभर अंतरावर बसवलेले. प्लाझ्मातला एखादा उजळ गोळा आधी एकावरून गेला आणि मग दोनवरून, तर तो एककडून दोनकडे चाललाय, हे शेंबडं पोरही सांगेल. पण एककडून दोनकडे म्हणजे सुलट की उलट, हे कळायला मुळात एक कुठे बसवलाय आणि दोन कुठे, ते बघायला हवं. आणि खालून पाहिलं तर एक दिशा दिसते, वरून पाहिलं तर नेमकी तिच्या विरुद्ध. नंतरच्या सगळ्या विद्यार्थ्यांनी ही वहीच प्रमाण मानली. एक आधी म्हणजे उलट, संपलं. पुन्हा कोण कशाला टायरखाली शिरतंय.

मग जाऊन बघायचं की टायर, असं तुम्ही म्हणाल. बघायला टायर हवा ना जागेवर. मागच्याच वर्षी नव्या कॉम्प्युटरांना जागा हवी म्हणून तो तोडला आणि भंगारवाला घेऊन गेला. आता ते डोळ्यांचे नंबर बघायचे तर कुठल्या गाडीच्या बंपरवर बघावे लागणार, देव जाणे.

राहता राहिली बाईंची आठवण, आणि तिने तर उच्छादच मांडला. एकदा त्यांना स्पष्ट आठवायचं की आपण पाठीवर झोपून टायरखाली सरकलोय, फरशी गार लागतेय आणि चष्म्यावर तेलाचा थेंब पडलाय. दहा मिनिटांनी तितकंच स्पष्ट आठवायचं की आपण स्टुलावर उभं राहून वरून डोकावतोय. दोन्ही खरंच घडलेलं होतं, पण कधी? त्या यंत्रावर त्यांनी अकरा वर्षं काढली होती. कुठला दिवस कुठला, याचा काही पत्ता लागेना. शेवटी त्यांनी चहाची बशी घेतली, तिच्या खालच्या बाजूला मार्करने एक आणि दोन लिहिलं, आणि ती डोक्यावर धरून खालून बघायला लागल्या. मग बशी खाली ठेवून वरून. मग पुन्हा डोक्यावर. चौथ्या वेळेला त्यांना हेही कळेनासं झालं की घड्याळाचे काटे मुळात कुठल्या बाजूने फिरतात, आणि त्या भिंतीवरच्या घड्याळाकडे संशयाने बघत बसल्या.

तेवढ्यात चिमणी दार ढकलून आत आली. चिमणी ही बाईंची शेवटची विद्यार्थिनी. वयाने अठ्ठावीस, पण बोलणं कमी आणि टिपणं जास्त, म्हणून सगळी लॅब तिला चिमणी म्हणायची. पाच वर्षं ती एकाच प्रश्नावर काम करत होती: प्लाझ्मा उलट का फिरतो. दोनशे पानांचा प्रबंध टाइप होऊन तयार होता आणि पुढच्या महिन्यात द्यायचा होता. मॅडम डोक्यावर बशी घेऊन बसल्यात हे पाहून ती नंतर येते म्हणाली आणि गेलीसुद्धा. बाईंनी तिला थांबवलं नाही. काय सांगणार होत्या?

मंगळवारी त्यांनी विभागप्रमुखांना गाठलं. हे गृहस्थ एकेकाळी बाईंच्या हाताखाली वायरी सोलायचे, त्यामुळे अजूनही त्यांच्यासमोर बसताना खुर्चीच्या टोकावर बसतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, उठून दार लावलं, आणि म्हणाले की मॅडम, शुक्रवारपर्यंत त्या माणसाला उत्तर देऊ नका. झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि कशावरून तुमचंच चुकलंय? त्यांचंही चुकलं असेल. हे बाईंना पटलं. जिन्यापर्यंत पटलं, जिना उतरताना पुन्हा पटेनासं झालं.

घरी नवरा होता. नवरा दंतवैद्य, आणि दंतवैद्य माणसं दिवसभर समोरच्याला बोलू देत नाहीत, त्यामुळे घरी आल्यावरही त्यांना ती सवय असते. बाईंनी जेवताना विषय काढला तर तो घास तोंडाशी धरून बघतच राहिला.

"अगं, डावं म्हणजे कुणाचं डावं, हे आम्ही पहिल्या दिवशी ठरवतो. पेशंटचं डावं. कायम पेशंटचंच. नाहीतर चांगला दात उपटून ठेवायचा एखाद्याचा."

"प्लाझ्माला डावं-उजवं नसतं."

"म्हणून काय लिहायचं नाही? एवढी शिकलेली माणसं तुम्ही!"

बाई ताटावरून उठल्या. तो बरोबर बोलत होता, त्याचाच राग आला. तो मागून आला आणि म्हणाला की बरं, त्या दिवशी तुझ्याबरोबर आणखी कोण होतं? आजोबा. आजोबांना जाऊन आठ वर्षं झाली. आणि? आणि कोण असणार, मिस्त्री.

मिस्त्री म्हणजे वर्कशॉपचे मिस्त्री. टायरचा एकेक नट त्यांच्या हातचा. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो हा. दोन दिवस बाई बश्या फिरवत बसल्या आणि जिवंत माणूस आठवला नाही. विद्वानांच्या डोक्यात निबंधावर नाव असलेली माणसंच येतात, दुसरं काय. मिस्त्रींचं नाव निबंधावर नव्हतं. खाली आभार मानतात त्या यादीतही नव्हतं. बाईंनी त्या रात्री यादी काढून पाहिली, आणि त्यांना लाज वाटली.

बुधवार पत्ता मिळवण्यात गेला. गुरुवारी दुपारी त्या दोन बस बदलून गेल्या. चौथा मजला, लिफ्ट बंद. दार सुनेने उघडलं. ती म्हणाली की मामंजींना डाव्या कानाने ऐकू येत नाही, उजवीकडून बसा. ऐंशी वर्षांचे मिस्त्री खिडकीशी बसून रेडिओ उघडून काहीतरी करत होते. त्यांनी बाईंना लगेच ओळखलं, पण आधी हातातला स्क्रू बसवला आणि मगच वर पाहिलं.

इकडचं तिकडचं झालं. टायर भंगारात गेला हे ऐकून मिस्त्रींनी हातातला पेचकस खाली ठेवला. मग बाईंनी विषय काढला. डोळे खालच्या झाकणात बसवले तो दिवस आठवतो का? मी खाली शिरले होते की वरून पाहिलं होतं?

मिस्त्री हसले. "तुम्ही कशा शिराल खाली? सातवा महिना होता तुम्हाला."

सातवा महिना. बाईंची मुलगी आता एकतीस वर्षांची, म्हणजे हिशेब सरळ होता, आणि तो त्यांनी चार दिवसांत एकदाही केला नव्हता. ती गार फरशी, तो तेलाचा थेंब, ते सगळं दुसऱ्याच कुठल्या तरी दिवसाचं. त्या दिवशी त्या डोळ्यांचे इशारे पडद्यावर दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपपुढे खुर्चीत बसल्या होत्या, पाठीला उशी लावून. उशीसुद्धा आता आठवली.

"मग खाली कोण होतं?"

"मी होतो. तुम्ही वरून विचारलंत, एककडून दोनकडे कसं जातं, सुलट की उलट? मी म्हटलं सुलट."

"सुलट?" बाईंचा आवाज चढला. सून स्वयंपाकघरातून डोकावून गेली. "पण वहीत उलट आहे, मिस्त्री. माझ्या हातचं आहे."

"आता ते मला काय माहीत? मला दिसत होतं उलट. पण मी खाली उताणा, तुम्ही वर. तुमच्या बाजूने ते सुलटच होणार. म्हटलं, ताई आधीच अवघडलेल्या, त्यात पुन्हा डोक्याला हा उलटापालटीचा ताप कशाला. म्हणून मीच मनात फिरवलं, आणि तुमच्या बाजूने सांगितलं."

बाईंना सगळं दिसलं. इतकं लख्ख, की चार दिवसांचा गोंधळ त्यापुढे बरा होता. खालून आवाज आला, सुलट. आणि खुर्चीतल्या सव्वीस वर्षांच्या, स्वतःला फार काटेकोर समजणाऱ्या मुलीने विचार केला, की मिस्त्री खालून बघतायत, तेव्हा आपण ते फिरवून घेतलं पाहिजे. आणि तिने वहीत लिहिलं, उलट. दोघांनी एकमेकांची काळजी घेतली. एकाने फिरवलं, दुसरीने पुन्हा फिरवलं. एकतीस वर्षं, पाठ्यपुस्तकातलं अर्धं पान, आणि कारण काय, तर दोन माणसं शहाणी होती आणि एकमेकांना विचारायचं राहिलं.

मिस्त्री त्यांच्या तोंडाकडे बघत होते. म्हाताऱ्या माणसांना असं काही पटकन कळतं. "काही चुकलं का माझं, ताई? बरोबर होतं ना ते?"

"बरोबर होतं," बाई म्हणाल्या. "तुमचं अगदी बरोबर होतं, मिस्त्री." आणि त्यांना रडू आलं. मिस्त्रींना वाटलं टायरची आठवण झाली असेल. त्यांनी सुनेला पाणी आणायला सांगितलं.

परतीच्या बसमध्ये बाईंचं डोकं भणभणत होतं. कुणावर रागवावं, तेच कळेना. मिस्त्रींवर? त्यांनी जीव लावला होता. स्वतःवर? आपणही तर काळजीच घेतली होती. आजोबांवर? ते पलीकडच्या खोलीत चुंबकांचं बघत होते. आणि मुख्य म्हणजे पुरावा कुठे होता? एका ऐंशी वर्षांच्या माणसाचं बोलणं. ते विसरू शकतात, माणूस एकतीस वर्षांत काहीही विसरतो, आपण नाही का विसरलो? शुक्रवार जाऊ द्यावा. मग सावकाश लिहावं, विचार करून लिहावं. दुसऱ्या बसमध्ये बसेपर्यंत हे त्यांनी पक्कं केलं होतं. त्यांच्या थांब्यावर उतरताना ते पुन्हा कच्चं झालं. रात्रभर तेच चाललं.

शुक्रवारी अकराला त्या आत गेल्या तेव्हाही त्यांचं ठरलेलं नव्हतं, हे मी तुम्हाला अगदी खात्रीने सांगतो. लांब टेबल, पलीकडे चार माणसं, मधे पाण्याचे झाकलेले पेले. त्यातले एक बाहेरून आलेले तज्ज्ञ होते. प्लाझ्मा उलट का फिरतो यावर यांनी स्वतः तीन निबंध लिहिलेले. अध्यक्षांनी अर्ज उलटा केला, सुलटा केला, आणि म्हणाले की आपलं सर्वांत महत्त्वाचं काम थोडक्यात सांगा.

बाईंनी तोंड उघडलं, आणि जे बाहेर पडलं ते त्यांनाही नवीनच होतं.

"ते चूक आहे. तो सुलटच फिरतो."

मग त्यांनी सगळं सांगितलं. डोळे, झाकण, मिस्त्री, सातवा महिना, काही झाकून ठेवलं नाही. चौघांना काय करावं ते समजेना. एकजण मधेच म्हणाले की मग हा चौकोन रिकामा ठेवता येणार नाही, नियमात बसत नाही. बाहेरचे तज्ज्ञ मात्र चांगलेच तापले. तो सुलट कसा फिरेल, असं त्यांचं म्हणणं. तो उलटच का फिरला पाहिजे हे मी सिद्ध केलेलं आहे! मग त्यांच्याच लक्षात आलं आपण काय बोललो ते, आणि त्यांनी पेल्यावरचं झाकण काढलं.

अध्यक्ष म्हणाले, "म्हणजे एका म्हाताऱ्या मिस्त्रीच्या शब्दावर तुम्ही एवढा मोठा शोध मागे घेताय?"

"तो शोध त्याच्याच शब्दावर उभा होता, सर. फक्त तेव्हा मी त्याला पुढे काही विचारलं नव्हतं."

कळवू, म्हणाले. कळवू म्हणजे काय ते बाईंना दोन मुलाखतींच्या अनुभवाने ठाऊक होतं. त्या बाहेर आल्या आणि त्यांना एकदम हलकं वाटलं. मनावरचं ओझं उतरल्यासारखं. प्रोफेसरपद गेलं तर गेलं, पण आपण खोटं बोललो नाही. खरं बोलल्याचाही एक माज असतो बरं का, आणि तो भल्याभल्यांना चढतो. मान ताठ करून त्या जिन्यापाशी आल्या. चिमणी तिथे पायरीवर त्यांची वाट बघत बसली होती. बाईंनी तिला तिथेच, उभ्या उभ्या सगळं सांगितलं. प्रबंध आता बदलावा लागणार, वेळ लागेल, पण मी आहे, तू घाबरू नकोस, असंही सांगितलं.

चिमणीने सगळं ऐकून घेतलं. मग तिने विचारलं, "म्हणजे तो सुलट फिरतो?"

"हो."

"वरून पाहिलं तर?"

"वरून पाहिलं तर."

मग चिमणी तिच्या नेहमीच्या बारक्या आवाजात बोलायला लागली. पहिल्या वर्षी तिने हातानेच गणित केलं होतं, अगदी साधं. उत्तर सुलट आलं. पुन्हा केलं, पुन्हा सुलट. सात वेळा केलं. मग ती वही घेऊन बाईंकडे आली होती. बाई कुठेतरी निघायच्या घाईत होत्या. त्या म्हणाल्या होत्या की उत्तर काय आहे ते तर तुला माहीत आहे ना, मग तुझी चूक कुठे आहे ते शोध. ती दोन वर्षं शोधत होती. दोन वर्षं तिला झोप नव्हती. आपल्या डोक्यातच काहीतरी कमी आहे असं तिने आईला फोनवर सांगितलं होतं, आणि आई म्हणाली होती की मग ये घरी, सोडून दे. शेवटी तिने गणितात भिंतीच्या घर्षणाचं एक पद ओढूनताणून जोडलं आणि उत्तर उलट आलं. त्या दिवशी बाईंनी सगळ्या लॅबला चहा पाजला होता.

बाईंना तो चहा आठवला. वही काही केल्या आठवेना. अशा किती वह्या आल्या असतील दारात, निघायच्या घाईत?

"ती वही कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"फाडून टाकली."

"का गं?"

"चुकीची होती ना, मॅडम."

बाई तिच्या शेजारी पायरीवर बसल्या. आत चौघांसमोर जे गेलं त्याचं त्यांना काही वाटलं नव्हतं. आता मात्र मघाचा माज सगळा उतरला. तू बरोबर होतीस, त्या म्हणाल्या. एकदा म्हणाल्या, पुन्हा म्हणाल्या. त्याने चिमणीला आनंद होईल अशी त्यांची समजूत होती. चिमणीने तोंडावर ओढणी धरली आणि ती हुंदके देऊन रडायला लागली. पाच वर्षांत तिला रडताना कुणी पाहिलं नव्हतं. बाईंना तिच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला, पण तो हक्क आपल्याला आहे की नाही तेच त्यांना कळेना, आणि हात मधेच थांबला.

मधली सुट्टी झाली होती. लोक जिन्यावरून ये-जा करत होते. मुलाखत आजच होती हे सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे जो तो थांबायचा, बाईंकडे बघून हळहळायचा. विभागप्रमुख तर दोन पायऱ्या खाली उतरून हळूच म्हणाले, की मॅडम, जाऊ द्या, मनाला लावून घेऊ नका, आणि बघा, तुमच्यासाठी तुमची विद्यार्थिनी कशी रडतेय.